विद्यापीठाची निवड : गुण, अंतर आणि आधार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो : ‘पुढे कुठे?’ हा दोन शब्दांचा प्रश्न महिना-दीड महिना घराला पुरतो. गुणपत्रिका समोर असते, शेजाऱ्यांचे सल्ले असतात, पुण्यात राहणाऱ्या मामांचा दूरध्वनी असतो आणि आईच्या मनात एक न बोललेली चिंता असते. शेवटी एक नाव ठरते. हे नाव कसे ठरले असे विचारले तर उत्तर बहुधा ‘गुणांवर’ असे मिळते. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर शोधणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. विद्यार्थ्यांना साहाय्य करणाऱ्या प्रत्येक सामाजिक संस्थेच्या कार्याशी त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराचा निकटचा संबंध आहे.

निवड नेमकी कशाची?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशातील विद्यार्थी ‘विद्यापीठ निवडतो’ असे म्हणतात तेव्हा तो खरोखर विद्यापीठच निवडत असतो. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ विद्यार्थ्याने निवडले ते महाविद्यालय. विद्यापीठ त्याला भूगोलाने दिले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे उदाहरण पाहावे. १९१९ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाच्या, १९४९ नंतर पुणे विद्यापीठाच्या आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली आले. इमारत तीच, गाव तेच. पदवीवरील विद्यापीठाचे नाव तेवढे बदलत गेले. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले.

गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले. अनेक जुन्या महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली. १८५४ पासूनची परंपरा असलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतःच विद्यापीठ झाले. अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांची संख्या वाढली आणि त्यांच्या जाहिराती तालुक्याच्या गावातील बसस्थानकापर्यंत पोहोचल्या. पर्याय वाढले, त्याचबरोबर गोंधळही वाढला. पूर्वी भूगोल जो निर्णय घेत असे, तो आता सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना काही दिवसांत घ्यावा लागतो.

यादीत दिसणारी कारणे

निवडीची जी कारणे उघडपणे सांगितली जातात, त्यांत पहिले स्थान गुणांचे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थी पसंतीक्रम भरतो. संगणक गुण आणि पसंतीक्रम यांची सांगड घालतो. संगणक दिलेल्या क्रमाबाहेर जात नाही, म्हणून हा क्रम भरण्याचा दिवस निकालाच्या दिवसाइतकाच महत्त्वाचा असतो. घरातून मात्र निकालाला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे या अर्जाला मिळत नाही. पुष्कळदा तो एखाद्या सायबर कॅफेत, शेवटच्या दिवशी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून भरला जातो.

पसंतीक्रम भरताना बहुतेकांच्या हाती गेल्या वर्षीच्या ‘कट-ऑफ’ची यादी असते. जिथे गुणांची मर्यादा उंच, ते महाविद्यालय चांगले, असा एक सरळ हिशेब मांडला जातो. वस्तुतः ही मर्यादा गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या महाविद्यालयाकडे धाव घेतली एवढेच सांगते. तिथे वर्गात काय शिकवले जाते, प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, प्राध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत की नाहीत, यांविषयी ती मौन पाळते. एका वर्षाची गर्दी पुढच्या वर्षाच्या गर्दीचे कारण होते.

दुसरा आधार मानांकनाचा. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेची, म्हणजे ‘नॅक’ची, श्रेणी आणि २०१६ पासून प्रसिद्ध होणारी ‘एनआयआरएफ’ क्रमवारी या दोन्ही गोष्टी पालकांना परिचित झाल्या आहेत. त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु त्या वाचण्याची रीत माहीत हवी. क्रमवारीत संशोधनाला, पदवीनंतरच्या यशाला आणि लोकमानसातील प्रतिमेलाही गुण असतात, आणि पुष्कळशी माहिती संस्थांनी स्वतः भरून दिलेली असते. पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनीला वर्गातील अध्यापन महत्त्वाचे. संशोधन निबंधांच्या संख्येने तिचा प्रश्न सुटतोच असे नाही.

तिसरे कारण शाखेचे आणि नोकरीचे. ‘कॉलेज कोणतेही चालेल, पण शाखा संगणकाचीच हवी’ हे वाक्य आज अनेक घरांत ऐकू येते. त्यामागे उपजीविकेची रास्त चिंता आहे. तथापि एखाद्या शाखेची आजची मागणी चार वर्षांनी तशीच राहील, असे आश्वासन कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. विद्यार्थ्याची त्या विषयातील गोडी मात्र चारही वर्षे त्याच्या सोबत असते.

यादीत न दिसणारी कारणे

एवढ्यावर विषय संपला असता तर समान गुणांची मुले साधारण समान संस्थांत गेली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही. शिरोळ तालुक्यातील एखाद्या ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या घरात जुळी भावंडे आहेत, असे समजा. दोघांनाही सारखेच गुण मिळाले. मुलाचे नाव पुण्याच्या महाविद्यालयासाठी जाते. मुलीचे नाव सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा महाविद्यालयासाठी जाते. गुण सारखे, घर एक, आईवडिलांची माया एक. मग फरक कशाने पडला?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. संशोधिका गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय निवडीचा आणि त्यांच्या रोजच्या प्रवासमार्गांचा एकत्रित अभ्यास केला. २०२१ साली तो जागतिक बँकेच्या शोधनिबंधमालेत प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. प्रवासाचा मार्ग अधिक सुरक्षित वाटत असेल, तर गुणवत्तेत वरच्या पाचव्या हिश्श्यात असलेले महाविद्यालय सोडून खालच्या निम्म्यातले महाविद्यालय पत्करण्याची विद्यार्थिनींची तयारी दिसून आली. मुलांना अशी किंमत जवळजवळ मोजावी लागत नव्हती. ही देशाच्या राजधानीतील, घरून ये-जा करणाऱ्या मुलींची स्थिती आहे. जिथे घर सोडून परगावी राहायचे आहे, तिथे हा प्रश्न किती पटींनी वाढत असेल, याची कल्पना प्रत्येक पालकाला आहे.

सुरक्षिततेच्या जोडीला निवासाचा आणि भोजनाचा प्रश्न येतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या, सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरातील विद्यार्थ्याला परगावच्या खाणावळीत रोजच तडजोड करावी लागते. बाहेरच्यांना ही बाब किरकोळ वाटेल. परंतु संध्याकाळची प्रात्यक्षिके साडेपाच-सहापर्यंत चालणार आणि भोजनगृह रात्री आठला उघडणार, अशा ठिकाणी मुलीला चार वर्षे ठेवायचे की नाही, हा प्रश्न घरातील आजी सर्वांत आधी विचारते आणि पुष्कळदा तिच्याच प्रश्नाने निर्णय होतो. क्रमवारीच्या कोणत्याही तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.

आणखी एक अदृश्य कारण म्हणजे ओळख. ज्या महाविद्यालयात गावातील कोणीतरी आधी शिकून गेले आहे, त्याचे नाव अर्जात वर येते. जिथे अद्याप कोणी गेलेले नाही, ते कितीही नामांकित असो, ते ‘आपल्यासाठी नाही’ असे मानले जाते. अमेरिकेतील कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले. अल्प उत्पन्नाच्या घरांतील अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी उत्तम विद्यापीठांकडे अर्जच करीत नव्हते. शिष्यवृत्तीमुळे तिथले शिक्षण त्यांना अधिक स्वस्त पडले असते, तरीही नाही. ज्या शाळांतून आणि गावांतून पूर्वी कोणी गेले नव्हते, तिथल्या एकट्यादुकट्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे विशेष खरे होते. त्यांना विद्यापीठाने नाकारले नव्हते. त्यांनी दारच ठोठावले नव्हते.

वसतिगृहांचा वारसा

ही अदृश्य कारणे समाजातील पूर्वसूरींनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) यांनी दानधर्माला शिक्षणाची दिशा दिली. मुंबईत वडिलांच्या नावाने त्यांनी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले आणि अन्य शहरांतील वसतिगृहांनाही बळ दिले. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होते, राजाराम महाविद्यालय कोल्हापुरात १८८० पासून होते. ज्ञानाची दारे उघडी होती. पण शेडबाळच्या किंवा बार्शीच्या मुलाला त्या दारापर्यंत पोहोचल्यावर रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. वसतिगृहाने ती जागा दिली आणि त्याबरोबर शुद्ध आहार, वडीलधाऱ्यांची देखरेख आणि सोबतीही दिली.

राजर्षी शाहू महाराजांनीही १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून हाच मार्ग प्रशस्त केला. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा विविध समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. १९१५ साली मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. नावात ‘विद्यालय’ असले तरी त्याचे मुख्य कार्य उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाचेच राहिले आहे.

या परंपरेचा सर्वांत व्यापक विस्तार कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर स्नानशुद्धीस त्यांनी नकार दिला, आणि त्यावरून त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वसतिगृहाचे दार उघडू शकते तसे बंदही होऊ शकते, हा धडा त्यांना अनुभवाने मिळाला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. महाविद्यालय, म्हणजे साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय, त्यानंतर १९४७ साली आले. आधी निवास आणि अन्न, मग महाविद्यालय, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

मदत निवडीच्या आधी की नंतर?

या पार्श्वभूमीवर आजच्या सामाजिक संस्थांच्या शैक्षणिक साहाय्याकडे पाहिले, तर एक विसंगती नजरेस येते. सर्वसाधारण रीत अशी आहे : विद्यार्थी प्रवेश घेतो, शुल्काची पावती आणि गुणपत्रिका जोडून संस्थेकडे अर्ज करतो, समिती छाननी करते आणि पावसाळ्यात एखाद्या रविवारी गुणगौरव समारंभात धनादेश दिला जातो. या साहाय्यामागची भावना निर्मळ आहे आणि त्याने अनेक कुटुंबांचा भार हलका झाला आहे. परंतु धनादेश हाती येतो तेव्हा महाविद्यालय केव्हाच ठरलेले असते. ज्या घराने ‘पुण्याचा खर्च झेपणार नाही’ म्हणून जवळचे महाविद्यालय स्वीकारले, त्या घराला ती मदत मिळते ती जवळच्या महाविद्यालयासाठी. मदतीने खर्च भागतो. निवड बदलत नाही.

ती बदलू शकते का? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सुसान डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ पासून केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. त्या राज्यातील अल्प उत्पन्न गटातील हुशार विद्यार्थ्यांना प्रवेशअर्जाच्या आधीच एक पत्र पाठवण्यात आले : ‘प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ राहील.’ यांपैकी बहुतेकांना नेहमीच्या प्रक्रियेतूनही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. नवीन होती ती केवळ आगाऊ खात्री. तेवढ्याने अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाणही सुमारे दुपटीने वाढले. याउलट, टपालाने माहितीपत्रके पाठवण्याचा एक उपक्रम तिथे प्रारंभी लहान प्रमाणात यशस्वी ठरला होता. पुढे तो देशव्यापी केल्यावर त्याचा परिणाम दिसेनासा झाला. नुसती माहिती पुरेशी ठरत नाही. योग्य वेळी दिलेला, नाव घेऊन दिलेला शब्द परिणाम करतो.

देश वेगळा असला तरी मनुष्यस्वभाव एकच आहे. मध्यमवर्गीय आणि शेतकरी घर कर्जाला भिते. अनिश्चिततेला त्याहून अधिक भिते. ‘नंतर काहीतरी मिळेल’ या आशेवर कोणताही बाप मुलीला दोनशे किलोमीटरवर पाठवत नाही.

संस्थांपुढील कार्य

या विवेचनातून विद्यार्थी साहाय्य करणाऱ्या संस्थांसाठी काही मार्ग सुचतात.

पहिला मार्ग शिष्यवृत्तीच्या कालक्रमाचा. अकरावीच्या अखेरीसच पात्र विद्यार्थ्यांना लेखी आश्वासन देता येईल : अमुक दर्जाच्या संस्थेत प्रवेश मिळाल्यास निवास आणि भोजनाचा इतका खर्च अमुक वर्षे दिला जाईल. यासाठी जादा निधी लागेलच असे नाही. तोच निधी वर्षभर आधी बोलावा लागेल.

दुसरा मार्ग शासकीय सवलतींच्या वेळेवर माहितीचा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळण्यात आली. जाहिरातीतले विद्यापीठ निवडायचे की महाविद्यालय, हे ठरवताना हा एक मुद्दा लाखभर रुपयांचा फरक करू शकतो. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला; जैन अल्पसंख्याक संस्थांत या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. परंतु त्या जागेवर हक्क सांगताना कागदपत्रांतील धर्माची नोंद तपासली जाते. शाळेच्या दाखल्यावरील ही नोंद आणि उत्पन्नाचा दाखला यांची तपासणी दहावीतच झाली, तर प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या फेऱ्या वाचतील.

तिसरा मार्ग सोबतीचा. परगावी शिकत असलेले दोन-तीन विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी आले की त्यांना अकरावी-बारावीच्या मुलांसमोर बसवावे. भाषण नको. वसतिगृहातील जेवण कसे, पहिल्या सत्रात काय अवघड गेले, इंग्रजीची भीती केव्हा गेली, महिन्याला खरोखर किती पैसे लागतात, एवढेच त्यांनी सांगावे. पालकांनाही तिथे बसू द्यावे. ज्या महाविद्यालयात गावातून अद्याप कोणी गेलेले नाही, तिथे जाणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यामागे संस्थेने विशेष बळ उभे करावे. कारण त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट तोच पाडणार असतो.

चौथा आणि सर्वांत निकडीचा मार्ग मुलींच्या निवासाचा. ज्या वारशाचा वर उल्लेख झाला, त्यातील प्रारंभीची वसतिगृहे मुलांसाठी होती. त्या काळाच्या मर्यादा समजण्यासारख्या आहेत. आज मात्र परीक्षेत मुली मागे नाहीत, आणि तरीही पसंतीक्रम भरताना त्यांच्या यादीतून दूरची नावे आधी गळतात. सर्व संस्थांना इमारत बांधणे शक्य नाही. परंतु मोठ्या शहरात चार-पाच संस्थांनी मिळून एक सदनिका भाड्याने घेणे, तिथे एक विश्वासू व्यवस्थापिका नेमणे, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे डबे प्रात्यक्षिकांच्या वेळेनुसार महाविद्यालयात पोहोचवणे, एवढे निश्चित शक्य आहे. एका खाटेची सोय होते तेव्हा एका मुलीच्या अर्जात एक नवे नाव भरले जाते.

अखेर विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. घराजवळचे महाविद्यालय निवडणे हा कमीपणा नव्हे. अनेक थोर माणसे जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयांत घडली आहेत. मात्र ते महाविद्यालय तिथले शिक्षण चांगले म्हणून निवडले, की दुसरे काही शक्यच नव्हते म्हणून निवडले, हे स्वतःशी स्पष्ट असावे. पहिली निवड आहे. दुसरी नाइलाज आहे. पसंतीक्रमात पहिल्या स्थानी ते नाव लिहावे, जिथे खरोखर शिकण्याची इच्छा आहे. खर्चाचा विचार घरातील मोठ्यांशी आणि संस्थेशी बोलून करावा. मनातल्या मनात करून ते नाव आधीच खोडू नये.

जैन परंपरेने सांगितलेल्या चार दानांत आहार, औषध आणि अभय यांच्याबरोबर ज्ञानदानाचा समावेश आहे. परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यांतील तीन दाने एकत्र येतात : त्याला आहार हवा असतो, अभय हवे असते, आणि मग ज्ञान तो स्वतः मिळवतो. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीचा संकल्प करताना गुणवंतांच्या सत्काराबरोबर आणखी एक नोंद ठेवावी. दरवर्षी किती मुलामुलींनी आपल्या गुणांच्या योग्यतेचे महाविद्यालय निवडले आणि किती जणांनी ते केवळ खर्च, अंतर किंवा निवासाच्या अभावी सोडले, ही ती नोंद. दुसरा आकडा जसजसा लहान होत जाईल, तसतसे या कार्याचे चीज होईल.

जय जिनेंद्र.